हनुवटी थोडी खाली

मुलुंड (पूर्व),
५ नोव्हेंबर २०२४

चि. मानसीस,
मामाचे अ. उ. आ.

भाऊबीजेला तुमच्याकडे जेवलो त्याची सुस्ती आज उतरली, म्हणून लिहायला बसलो. तू फोन कर म्हणतेस, पण माझं फोनवरचं बोलणं ‘आवाज येतोय का’ इथंच संपतं. पत्रात निदान आवाज येतो की नाही ते विचारावं लागत नाही.

ताईसमोर एक गोष्ट बोललो नाही. ती लगेच काळजी करते आणि मग काळजी केली म्हणून मलाच रागावते. आमच्या इथं सकाळी धावणाऱ्यांचं एक मंडळ आहे. त्याचा म्होरक्या अनिरुद्ध. त्याच्या बारशाचे फोटो मीच काढले होते, त्यात तो एकाही फोटोत हसलेला नाही. तो परवा घरी आला आणि म्हणाला, काका, पंधरा डिसेंबरला आमची वार्षिक दौड आहे, नवघर रोडवरून मिठागर रोडला जाऊन परत. तिचे फोटो तुम्हीच काढायचे, आणि सव्वीस जानेवारीला सोसायटीच्या हॉलमध्ये प्रदर्शन लावायचं. मी खुर्चीत ताठ बसून हो म्हटलं. तो जिना उतरून गेल्यावर मला घाम फुटला.

कारण असं, की हलणारा माणूस मी जन्मात टिपलेला नाही. आपला ‘छायादीप’ स्टुडिओ चालू होता तोवर सारं मुलुंड माझ्यापुढं येऊन थांबायचं. मागं तो रंगवलेला तलाव, त्यातले दोन हंस, पुढं स्टुलावर माणूस. हनुवटी थोडी खाली, डोळे उघडे, हलू नका. एवढं म्हटलं की बोलकी माणसंसुद्धा गप्प व्हायची. शाळेत कविता म्हणताना कडव्याच्या शेवटी सगळा वर्ग एकदम थांबायचा आणि पंख्याचा आवाज ऐकू यायचा, तशी ती शांतता असे. त्या शांततेत मी बटण दाबायचो. दुकान बंद केल्यावर मला गिऱ्हाइकांपेक्षा तीच जास्त आठवते.

काल सकाळी गल्लीत उतरून धावणाऱ्यांचे फोटो काढून पाहिले. हाती आलं ते हे: एक कोपर, कुणाच्या तरी टोपीचा मागचा भाग, आणि विजेचा खांब. खांब फार सुंदर आला आहे. तो हलला नाही.

खरं सांगू? हे जमलं तर मी अजून फोटोग्राफर आहे. नाही जमलं तर दुकानाच्या पाटीबरोबर मलाही उतरवून ठेवलं असं समजायचं. तू इतकी वर्षं धावतेस. धावणाऱ्या माणसाकडं बघायचं कसं, ते तूच शिकव.

माया आहे तशी असू दे, वाढली तरी चालेल.
तुझा,
नंदूमामा


बाभई, बोरीवली (पश्चिम),
१२ नोव्हेंबर २०२४

ती. मामास,
सा. न. वि. वि. (साष्टांग खरोखरचा आहे. आत्ताच धावून आले, पाठ ताणायला जमिनीवर पडलेच होते.)

तुझा खांब मी ऑफिसात सगळ्यांना सांगितला. प्रदर्शनात तो नक्की लाव, खाली लिही: मुलुंडातला सर्वांत शिस्तीचा धावपटू.

आता शिकवणी. मामा, तू उभा राहतोस तिथूनच वाट लागते. तू समोर उभा राहून वाट बघतोस, की माणूस येईल, स्टुलावर बसेल. आम्ही बसायला येत नाही रे. रस्त्याच्या कडेला उभा राहा. माणूस लांबून दिसला की कॅमेरा त्याच्यावर ठेव आणि तो जसा पुढे जाईल तसा कंबरेतून त्याच्याबरोबर वळ. बटण दाबलंस तरी वळणं थांबवू नकोस. मग माणूस स्पष्ट येतो आणि मागचं जग पुसट होतं. हे मी वाचलेलं ज्ञान आहे, पण धावताना मला जग तसंच दिसतं, म्हणून ते खरं असावं.

दुसरं, तू स्वतः थोडा धाव. हळूहळू धाव, डॉक्टरांना विचारून धाव, पण धाव. आणि चपला घालून नाही, बूट घे. आई म्हणते, ह्या वयात तो पडला तर माझ्या माथी. मी तिला म्हटलं, पडला तर पहिल्यांदाच हलता फोटो येईल. त्यावर तिने मला दुसरी पोळी वाढली नाही.

माझीही एक बातमी आहे. तुमच्या दौडीत मी नाव घातलंय, चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात. मालाडच्या ऑफिसात एवढी माणसं माझ्या हाताखाली आहेत, पण मी आयुष्यात कशातच पहिली आलेली नाही, हे तुला माहीत आहेच. लिंबू-चमच्यातसुद्धा सगळ्यांत आधी पडायचं ते माझं लिंबू. यंदा नॅशनल पार्कच्या चढावर दम टिकतोय. पाय म्हणतायत, होईल. मी पहिली येताना फोटो तू काढलेला असला पाहिजे, दुसऱ्या कुणी नाही. तेव्हा नीट शिक.

आईने गुळपापडी दिली आहे, शनिवारी पोचवते. लोभ धावता राहू दे.
तुझी,
मानसी


मुलुंड (पूर्व),
२७ नोव्हेंबर २०२४

चि. मानसीस,
अ. उ. आ.

बूट घेतले. दुकानातल्या मुलीने विचारलं, अंकल, वॉकिंग की रनिंग. मी क्षणभर थांबून रनिंग म्हटलं आणि वयात येणाऱ्या पोरासारखा लाजलो.

सकाळी मिठागर रोडला जातो. खाडीकडून वारा येतो, त्याला मिठाचा वास असतो. पहिल्या आठवड्यात धावणं असं नव्हतंच, चालण्याला जरा घाई झालेली होती इतकंच. दम लागायचा, पावलं कुठं टाकू कळायचं नाही. मग एके दिवशी तोंडात आपोआप मंदाक्रांता आली. आम्हाला सहावीत गुरुजींनी वृत्तं पाठ करून घेतली होती, टेबलावर पट्टी आपटून. कवितेचे शब्द विसरलो पण चाल राहिली. आधी चार जड अक्षरं, पाय घट्ट रोवत. मग पाच हलकी, भरभर. पुढं डुलत डुलत ओळीच्या टोकापर्यंत. आणि मधे दोनदा यती, म्हणजे म्हणणाऱ्याने श्वास घ्यायची जागा. मी शब्दांशिवाय नुसतं ‘ता ता’ करत धावतो. शेजारच्या उत्तराबाई पाचवारी साडीवर बूट घालून धावतात, त्यांनी विचारलं, भावजी, काही दुखतंय का.

पण ऐक, खरी गंमत पुढं आहे. तीच चाल मनात धरून मी कॅमेरा घेऊन वळायला लागलो. माणूस लांब असताना चार जड अक्षरं, जवळ आला की भरभर हलकी, आणि यतीवर बटण. मानसी, धावणाऱ्या माणसालासुद्धा यती असतो! एका क्षणी त्याचे दोन्ही पाय जमिनीवर नसतात. इतकी वर्षं मी माणसांना थांबवून ती शांतता मिळवत होतो, आणि ती तर त्यांच्या धावण्यातच होती.

उत्तराबाईंचा पहिला फोटो आला. बूट आणि साडीचा काठ अगदी स्वच्छ, चेहऱ्याच्या जागी धुकं. त्यांनी तो बघून सांगितलं, भावजी, रेशनकार्डाच्या फोटोत निदान नाक तरी दिलं होतं. पण मी दिवसभर तरंगत होतो. अनिरुद्धला दाखवला, त्याने मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढून घेतला.

पंधरा तारखेची वाट बघतो आहे. शेवटच्या रेषेच्या थोडं अलीकडे, शाळेच्या फाटकाशी मी उभा असेन. तिथं सकाळचं ऊन बाजूने येतं.

ताईस नमस्कार. तुझ्या पायांना आशीर्वाद, वेगळे.
नंदूमामा


मुलुंड (पूर्व),
१६ डिसेंबर २०२४

चि. मानसी,

काल तू माझ्याशी न बोलता रिक्षात बसलीस. बरोबरच केलंस. पण घडलं ते माझ्या बाजूने एकदा सांगू दे, म्हणजे रागवायला तुला पुरतं कारण मिळेल.

सकाळपासून सगळं छान जमत होतं. पुरुष आले, यतीवर टिपले. तरुण पोरं आली, त्यांच्यासाठी चाल जरा जलद धरावी लागली, पण टिपली. मग लांबून तू दिसलीस. एकटी, तुझ्या गटात सगळ्यांच्या पुढं. तुझ्यामागं ती ठाण्याची अस्मिता, पण चांगलं अंतर होतं. फाटकापाशी आलीस आणि ऊन तुझ्या गालावर तिरकं पडलं. असं ऊन मी स्टुडिओत दिवे आणि पांढरी छत्री लावून उभं करायचो, आणि तरी ते असं कधी पडलं नाही. पुढचं मी केलं नाही, माझ्या तोंडाने केलं. मी खड्या आवाजात म्हणालो, हनुवटी थोडी खाली, हलू नकोस.

आणि तू थांबलीस. रेष समोर दिसत असताना थांबलीस, हनुवटी खाली घेतलीस, माझ्याकडं पाहिलंस. पुरुषांच्या गटातला मागं पडलेला किरणसुद्धा थांबला, त्याच्या मुंजीचे फोटो माझेच. अस्मिताचं लहानपण ठाण्यात गेलं, तिला माझा आवाज ठाऊक नाही. ती तुझ्या बाजूने निघून गेली आणि पहिली आली.

फोटो उत्तम आला आहे. याचीच जास्त लाज वाटते.

बाकीचे फोटो अनिरुद्धकडे देऊन टाकले आणि प्रदर्शन नको म्हणून सांगितलं. कॅमेरा कपाटात ठेवला. आता बाहेर काढायचा नाही. मी स्टुलावरच्या माणसांचा फोटोग्राफर, रस्त्यावर यायलाच नको होतं.

मामा


बाभई, बोरीवली (पश्चिम),
१९ डिसेंबर २०२४

चि. नंदूस,
ताईचे आशीर्वाद, रागावूनच पण आशीर्वाद.

मानसीला आलेलं पत्र तिने टेबलावर ठेवलं होतं, मी वाचलं. मी आई आहे, मला चालतं.

पहिली गोष्ट. पोरगीने दोन दिवस घरात एकच काम केलं. बूट धुतले, वाळत घातले, परत धुतले. तिसऱ्या दिवशी सकाळी उठून धावायला गेली आणि येताना वजिरा नाक्यावरून शहाळं पिऊन आली, म्हणजे आता बरी आहे.

दुसरी गोष्ट. ती थांबली त्यात नवल काय? तीन वर्षांची असताना तुझ्या त्या लाकडी घोड्यावर बसवली की गळा काढायची. माझं ऐकायची नाही, तिच्या बाबांचं तर नाहीच. तू काळ्या कापडामागून ‘हलू नकोस’ म्हटलंस की मात्र एकदम गप्प. दरवर्षी वाढदिवसाला हेच. आम्हीच तिला तशी केली रे. आता ती मोठी साहेबीण झाली म्हणून पाय विसरतील काय?

तिसरी गोष्ट नीट वाच. कॅमेरा कपाटात ठेवलास म्हणे. अरे खुळ्या, रुसायचा हक्क तिचा आहे, तुझा कसा? तिचं पहिलं येणं गेलं, आणि घरात बसलास तू! गावाला असतास तर आबांनी कान धरून तुला अंगणात उभं केलं असतं. तुका माझी शपथ घालत नाही, पण घालायला लावू नकोस.

गुडघ्याला तेल लावतोस ना? धावणं सोडू नकोस हां. मी आधी नको म्हटलं होतं, तरी आता लिहिते.

तुझी,
मालनताई


बाभई, बोरीवली (पश्चिम),
२९ डिसेंबर २०२४

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईचं पत्र पोचलं असेल. तिने मला ते वाचून दाखवलं आणि वाचताना स्वतःच दोनदा रडली, ते मात्र पत्रात लिहिलं नसेल.

मी खोटं लिहीत नाही. मला राग आला होता. रिक्षात बसल्यावर ऐरोलीचा पूल येईपर्यंत मी तुझ्यावर रागावले होते. मग लक्षात आलं की रिक्षावाल्याला मी बोरीवलीऐवजी भलतीकडेच नेलंय, आणि हसू आलं, आणि मग स्वतःवर राग आला. अख्खी टीम माझ्या शब्दावर चालते. सगळ्यांना सांगते, कुणी काही म्हणो, आपलं काम करत राहायचं. आणि मामा फाटकापाशी बोलला की ही बया हनुवटी खाली करून उभी. मी ठरवून थांबले असते तर तुला दोष दिला असता. पण पायांनी मला विचारलंच नाही.

अस्मिताचा फोन आला होता. म्हणाली, ताई, मला हे असं नको, चषक तुम्ही घ्या. मी तिला सांगितलं, तू धावलीस, मी उभी राहिले, शर्यत धावण्याची होती. चांगली मुलगी आहे. आता आम्ही रविवारी बरोबर धावतो.

पण मामा, माझं एक काम अर्धं राहिलंय आणि तुझंही. म्हणून सांगते ते कर. बारा जानेवारीला रविवार आहे. सकाळी नॅशनल पार्कला ये, कॅमेरा घेऊन. आत चढ संपून वळण येतं तिथं उभा राहा. मी खालून येईन. आणि मी जवळ आले की तुझ्या त्या खड्या, स्टुडिओच्या आवाजात मला थांब म्हण. गुळमुळीत नाही, अगदी मनापासून. मला बघायचंय मी थांबते का.

मी थांबले तर तू कॅमेरा खुशाल कपाटात ठेव, मीही बूट माळ्यावर टाकते. नाही थांबले तर सव्वीस जानेवारीला हॉलमध्ये प्रदर्शन लागलं पाहिजे. अनिरुद्धला मी फोन केलाय, त्याने हॉल सोडलेला नाही. तो तुझ्यापेक्षा शहाणा आहे.

नाही म्हणायची सोय ठेवलेली नाही. माया करतोसच, आता जरा ओरड.
तुझी,
मानसी


मुलुंड (पूर्व),
१५ जानेवारी २०२५

चि. मानसीस,
मामाचे अ. उ. आ., आणि ताईस तिळगुळाचा नमस्कार.

घाटकोपरच्या लॅबमधून प्रिंट काल आले. सोबत दोन पाठवतो आहे. फोनवर पाठवायचे नव्हते, कागदावरच बघायचे.

आदल्या दिवशी घशाला मिठाच्या पाण्याने गुळण्या केल्या. हसू नकोस. इतकी वर्षं तो आवाज मी कामासाठी वापरला, त्याचं कुणी ऐकू नये म्हणून वापरायची वेळ पहिल्यांदाच आली होती. वळणावर उभा होतो तेव्हा झाडांतून ऊन ठिपक्याठिपक्याने रस्त्यावर पडलं होतं. माकडं कठड्यावर बसून मला न्याहाळत होती. मनात दोन्ही इच्छा होत्या, हे तुला सांगायलाच हवं. तू थांबू नयेस असं वाटत होतं, आणि अगदी आत कुठेतरी, तू थांबावंस असंही. लाकडी घोड्यावरची ती तीन वर्षांची पोर अजून माझं ऐकते, हे सुख सोडवत नव्हतं.

मग तू आलीस. मी वळायला सुरुवात केली आणि छातीतला सगळा वारा काढून ओरडलो. हनुवटी खाली, हलू नकोस! शेजारून फिरायला चाललेले एक गृहस्थ मोबाईलवर बोलता बोलता जागीच उभे राहिले आणि त्यांनी हनुवटी खाली केली. बहुधा मूळचे मुलुंडचे असावेत. तुझं पाऊल मात्र किंचित अडखळलं, मला दिसलं ते, अर्ध्या श्वासापुरतं. आणि मग तू मान वर केलीस, तोंड भरून हसलीस, आणि गेलीस.

पहिला प्रिंट तो. हनुवटी वर आहे, डोळे मिटलेले, तोंड उघडं, केस कपाळाला चिकटलेले. स्टुडिओत असा फोटो आला असता तर मी गिऱ्हाइकाला दाखवलाही नसता, पुन्हा बसा म्हटलं असतं. चेहऱ्यावरचे डाग पुसायची ती स्टुडिओतली पेन्सिल हातात घेऊन बघितलं. पुसण्यासारखं काहीच सापडलं नाही. तुझे दोन्ही पाय जमिनीवर नाहीत.

दुसरा प्रिंट चुकून आला. तू सांगितलं होतंस, बटण दाबल्यावरही वळत राहा. मी वळत राहिलो आणि तू चौकटीतून बाहेर पडलीस. मी कॅमेरा डोळ्याला तसाच लावून उभा होतो. ओरडावंसं वाटलं नाही. तेव्हा बोट आपोआप पडलं. त्यात नुसता रस्ता आहे, ऊन आहे, आणि उजव्या कडेला तुझ्या एका टाचेचा तुकडा.

अनिरुद्धला हो म्हणून सांगितलं आहे. भिंतीवर काय लावायचं ते तू ठरव. शाळेच्या फाटकापाशी उभी असलेली तू, तो फोटोही वेगळ्या पाकिटात घालून पाठवला आहे. तू म्हणालीस तर कुणालाही दाखवणार नाही.

उद्या सकाळी अनिरुद्धच्या मंडळाबरोबर पहिल्यांदा धावायला जाणार आहे. सगळ्यांच्या मागं असेन, तिथून फोटो छान मिळतात.

प्रेम आहे, ते न थांबता येत राहो.
नंदूमामा


बाभई, बोरीवली (पश्चिम),
२० जानेवारी २०२५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

तिन्ही लाव. फाटकापाशी उभी असलेली मी सगळ्यांत आधी. त्याखाली कारण लिही, तुझ्या अक्षरात, लोकांना हसू दे. त्यात मी खरंच छान दिसतेय, वधूवर मंडळाला पाठवण्यासारखी. माझ्या नवऱ्याने तो बघून विचारलं, हिला आधी का नाही दाखवलं.

हसणारा फोटो मी बराच वेळ बघत बसले. मला वाटायचं मी धावताना फार गंभीर दिसत असेन. तो अडखळलेला अर्धा श्वास तुला दिसला, मला वाटलं होतं कुणाला कळलं नसेल. मामा, तेवढ्या वेळात मला घोडा आठवला, तलाव आठवला, हंस आठवले, आणि थांबावंसं खूप वाटलं. मग वाटलं, थांबले तर मामा परत कधी रस्त्यावर येणार नाही. म्हणून गेले.

सव्वीसला सकाळी झेंडावंदनाच्या आधी आम्ही पोचतो. आईने नवी साडी काढून ठेवली आहे, जणू तिचंच प्रदर्शन आहे. अस्मिताही येणार आहे, तिला तुझ्या आवाजाची सवय करायची आहे म्हणते.

तुझे प्रिंट काल रात्री जेवणं झाल्यावर आईपुढे ठेवले. हसणारा बघून ती म्हणाली, दात दिसतायत, पण असू दे. मग रिकाम्या रस्त्याचा हातात घेतला. चष्मा पुसला, दिव्याखाली धरला, उलटा करून पाठ बघितली. मला विचारते, यात तू खंय आसस? मी म्हटलं, आई, मी पुढे गेले. प्रिंट परत सुलटा करून ती म्हणाली, बरां झालां.

तुझी,
मानसी